हरवलेल्या एकशे एकाहत्तर आया

माझी नोकरी टिकायला एका सहीची गरज होती, आणि ती सही माझ्याच मुलीच्या डॉक्टरांची होती. हे ऐकल्यावर माझा नवरा चेतन म्हणाला, "म्हणजे घरचंच कार्य की." तो पुण्याचा आहे. मी अमरावतीची. असल्या वाक्यावर हसायचं की रागवायचं हे ठरवायला मला अजून एक-दोन सेकंद लागतात.

आमची कंपनी हिंजवडीत आहे. फोन उचलून माणसासारखं बोलणारं, समोरचा काय म्हणतोय ते ओळखून उत्तर देणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. तुम्ही कुठेतरी तक्रार करायला फोन लावता आणि चिडून "अहो, माणसाला द्या" म्हणता ना, ते ज्याला म्हणता ते. अक्षता झाली तेव्हा मी रजेवर गेले. परत आले तेव्हा माझी जुनी टीम शिल्लक नव्हती. नवी टीम आमोदची. आमोद माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो म्हणाला, "रुपाली, आपल्याला हेल्थकेअरमध्ये एक पायलट कस्टमर पाहिजे. एक मिळाला की टीम पक्की. टीम पक्की की तू पक्की." आणि नाही मिळाला तर काय, हे तो बोलला नाही. तो सुशिक्षित आहे.

मी लगेच डॉ. अवधूत गद्र्यांचं नाव सुचवलं. त्यांचा दवाखाना मांजरी रस्त्यावर, आमच्या सोसायटीपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. तिथल्या फोनवर गेली सव्वीस वर्षं कांताबाई. खरं सांगायचं तर मी डॉक्टरांचं नाव सुचवलं ते कांताबाईंमुळे. सूड हा शब्द जरा मोठा आहे, पण मला दुसरा सापडत नाही.

कांताबाईंशी फोन असा होत असे.

"हां, बोला."

"अक्षताची आई बोलतेय. तिला ताप आहे."

"किती?"

"शंभर."

"खेळतीय का?"

"खेळतेय, पण—"

"पाणी, दूध घेतीय?"

"थोडं घेतलं. पण कांताबाई, तिचे डोळे मला जरा—"

"अर्ध्या तासानं करा." फोन बंद.

नंबर लावायला म्हणून फोन करायचा आणि नंबर मिळायच्या ऐवजी अर्धा तास मिळायचा. त्या अर्ध्या तासात मी चार वेळा ताप मोजायची, दोन वेळा आईला अमरावतीला व्हिडिओ कॉल करायची. आई म्हणायची, "काहून इतकी घाबरतेस वं? तुम्ही तिघं भावंडं कशी वाढली, मले तं आठवतही नाही." याने माझं समाधान होण्याचं काहीच कारण नव्हतं. तोवर अक्षता पिठाच्या डब्यात हात घालून बसलेली असायची. मग मी परत फोन करत नसे. पण अपमान तसाच राहायचा. मी एम.एस्सी. झालेली आहे, संख्याशास्त्रात. मला कोणी असं अर्ध्या तासाच्या बोलीवर ठेवलेलं चालत नाही.

सॉफ्टवेअरला शिकवायला खऱ्या बोलण्याचे नमुने लागतात. म्हणून फोन करणाऱ्यांना आधी सांगून, तीन आठवडे दवाखान्याचे फोन रेकॉर्ड केले. आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करते. दुपारी अक्षता झोपली की कानात इअरफोन घालून मी एकेक फोन ऐकायची आणि तक्त्यात नोंद करायची: कोण बोललं, काय मागितलं, मिळालं की नाही. तीन आठवड्यांत कांताबाईंनी दोनशे बारा वेळा "अर्ध्या तासानं करा" म्हटलं होतं. त्यातल्या एक्केचाळीस जणींनी परत फोन केला. त्यांना कांताबाईंनी निमूट नंबर दिला, दोघींना तर "रिक्षात बसा, मी दार उघडं ठेवते" असंही म्हणाल्या. उरल्या एकशे एकाहत्तर. त्यांचा फोन परत आलाच नाही.

त्या एकशे एकाहत्तरांत मी चार वेळा होते. एका रेकॉर्डिंगवर एक बाई इतकी भरभर बोलत होती की "काय कटकट आहे" असं माझ्या तोंडून गेलं. मग तिने अक्षताचं नाव घेतलं. मी 'ग्राहक: अस्वस्थ, निकाल: अयशस्वी' अशी नोंद करून पुढचं रेकॉर्डिंग लावलं.

मग मी एक स्लाइड केली. काळ्या पाटीवर पांढरा आकडा: १७१. खाली ओळ: 'एकवीस दिवसांत हरवलेल्या आया.'

आमोद उभाच राहिला. "रुपाली, धिस इज द स्टोरी! एकशे एकाहत्तर आया रडत फोन करतात आणि एक बाई फोन ठेवून देते. आपण त्यांना परत आणतोय."

डॉ. गद्र्यांनी ती स्लाइड चष्मा वर करून पाहिली. म्हणाले, "कमाल आहे. इतकी वर्षं मला वाटायचं की आपल्याकडची मुलं दणकट आहेत."

आम्ही दोघांनी ते वहीत लिहून घेतलं. आमोदने तर शेजारी 'पॉझिटिव्ह' असं लिहिलं.

ठरलं ते असं: महिनाभर चाचणी, महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बैठक. डॉक्टरांना पटलं तर वर्षाच्या करारावर सही. कांताबाई बाजूच्या स्टुलावर बसून ऐकत होत्या. त्यांना कोणी काही विचारलं नाही. निघताना त्याच म्हणाल्या, "मशीन बोलणार व्हय? बोलू द्या. माझा घसा तरी सुटंल."

मशीनचं नाव आम्ही पूर्णिमा ठेवलं. तिचं पहिलं वाक्य मी लिहिलं: "नमस्कार, मी पूर्णिमा. बाळाला काय होतंय ते सावकाश सांगा. मी ऐकतेय." लिहिताना माझे डोळे भरून आले होते. सॉफ्टवेअरचं वाक्य लिहिताना असं होऊ नये, हे मला कळतं. पण अक्षता झाल्यापासूनच्या वीस महिन्यांत मला एकाही माणसाने हे वाक्य ऐकवलं नव्हतं, आणि ऐकायचं असेल तर ते आपणच लिहावं लागतं, असं त्या दुपारी लक्षात आलं.

आणि पूर्णिमा खरंच ऐकायची. मागे कुकरची शिट्टी, शेजारी टीव्ही, कडेवर रडणारं मूल, तरी ऐकायची. मांजरीतली आजी "पोराला ताप हाय वो" म्हणाली तरी ऐकायची, बिहारहून आलेला सिक्युरिटीवाला हिंदीत बोलला तरी ऐकायची. शंभर शब्दांतले सत्याण्णव बरोबर. मधेच तोडायची नाही. आणि सगळं ऐकून झालं की म्हणायची, "मला समजलं. मी तुमचा नंबर लावते."

सगळ्यांचा लावायची.

आधी दवाखान्यात दिवसाला पस्तीस-चाळीस मुलं यायची. पहिल्या आठवड्यात साठ झाली, दुसऱ्यात नव्वदच्या वर. माझ्या लॅपटॉपवरच्या आलेखाची रेघ वर चढत होती, हिरवी. फोननंतर आयांनी दिलेले गुण पाचपैकी चार पूर्णांक नऊ. आमोद रोज सकाळी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा आणि खाली रॉकेटचं चित्र.

दुसऱ्या आठवड्यात अक्षता सकाळी शिंकली. तीन वेळा. एरवी मी कांताबाईंच्या धाकाने शिंकांसाठी फोन केला नसता. पण आता पूर्णिमा होती. मी स्वतःला म्हटलं, चाचणी म्हणून लावून बघू. "बाळाला काय होतंय ते सावकाश सांगा," पूर्णिमा म्हणाली. मी सावकाश सांगितलं. इतकं सावकाश मी लग्नानंतर कोणाशी बोलले नव्हते. शिंका, काल रात्री सारखी बदललेली कूस, आदल्या आठवड्यातला न खाल्लेला वरणभात, सगळं. तिने संध्याकाळी सहा दहाचा नंबर दिला.

दवाखान्याच्या जिन्यापर्यंत चपला आल्या होत्या. आत खुर्च्या भरलेल्या, बायका भिंतीला टेकून उभ्या, आणि मधल्या जागेत पंधरा-वीस मुलं धुमाकूळ घालत होती. त्यातली बहुतेक ठणठणीत. जी दोन-चार खरी आजारी होती ती आयांच्या खांद्यावर मान टाकून त्या गोंगाटात पडली होती. कांताबाईंचा फोन काढून घेतल्यामुळे त्या आता दारात उभ्या राहून नावं पुकारत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "अक्षताची आई. काय झालंय हिला?"

"शिंका."

"किती?"

"तीन."

कांताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बरं झालं आणलंत," म्हणाल्या.

आमचा नंबर यायला एक तास पन्नास मिनिटं लागली. तेवढ्यात अक्षता आणि कोपऱ्यातला एक मुलगा यांनी मिळून प्लास्टिकचा एक जिराफ आळीपाळीने चघळला. त्या मुलाच्या तोंडाभोवती बारीक पुरळ होतं, ते मी पाहिलं. मी सगळं पाहते, तो माझा दोषच आहे. उठून तिला उचलणार तेवढ्यात मोबाइलवर त्या तासाचे गुण आले, चार पूर्णांक नऊ, आणि मी ते वाचत बसले. डॉक्टरांनी अक्षताला तपासायला दीड मिनिट घेतलं. "छान आहे," म्हणाले, "अजून काही?" त्यांचा आवाज बसला होता.

पाचव्या दिवशी ती आजारी पडली. खरी.

सकाळपासून एकशे तीन ताप. तळहातावर, तळपायावर फोड, तोंडात जिभेच्या कडेला फोड. पाण्याचा चमचा लावला की किंचाळायची. दुपारपर्यंत किंचाळायचीही थांबली. नुसती पडून राहिली. डायपर सकाळपासून कोरडा. चेतन ऑफिसात, हिंजवडीला, म्हणजे दुसऱ्या देशातच. पूर्णिमाच्या नंबरांची यादी माझ्या लॅपटॉपवर उघडीच होती: आजचा दिवस भरलेला, उद्याचा भरलेला, परवा संध्याकाळी पाच चाळीस मोकळं. पुढे नाव, मुलाचं वय, तक्रार. मी वाचत गेले. 'शिंका.' 'काल रडली.' 'झोपेत हसतो.' 'शिंका.' सगळ्या माझ्यासारख्या. मीच त्यांना परत आणलं होतं.

मी फोन केला नाही. तिला दुपट्यात गुंडाळलं, चप्पल एक माझी, एक चेतनची, आणि रिक्षा.

जिन्यावरच्या गर्दीत मी तोंड उघडायच्या आधी कांताबाईंनी मला पाहिलं. त्यांनी विचारलं काहीच नाही. अक्षताची हनुवटी दोन बोटांनी वर केली, सोडली, ती खाली पडली. "सरका," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ए, सरका म्हणते ना! ताई, तुमचा तो हसतोय, त्याला घ्या बाजूला." मला दंडाला धरून त्यांनी सरळ डॉक्टरांच्या पुढ्यात नेलं. आत बसलेली आई म्हणाली, "अहो, माझा नंबर आहे, पूर्णिमाने दिलाय."

"मग पूर्णिमाकडं जा," कांताबाई म्हणाल्या.

आतल्या खोलीत दीड तास आम्ही तिला चमच्या-चमच्याने मीठ-साखरेचं पाणी पाजलं. मी पाजलं म्हणणं खोटं होईल. कांताबाईंनी पाजलं, गाल दाबून, ती ओरडली तरी. साडेचारला तिने डायपर ओला केला. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कशाचंच स्वागत केलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, हात-पाय-तोंडाचा आजार, संसर्गाचा, आठवड्याभरात जाईल, पाणी बंद करू नका. "कुठे लागला असेल? या आठवड्यात कुठे गर्दीत नेलं होतं का?"

"इथेच," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला. "हं," म्हणाले. "गेल्या चार दिवसांत असे अकरा आलेत."

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी बैठक. दवाखान्याला दुपारची सुट्टी, पण कागदावरच. डॉक्टर पोळीची गुंडाळी हातात धरून बसले होते. आमोद हिंजवडीहून दोन तास प्रवास करून आला होता आणि तरीही उत्साही होता. त्याने आलेख दाखवला. डॉक्टरांनी पाहिला.

"हा वर चाललाय तो मी का?" त्यांनी विचारलं.

"हो सर! म्हणजे तुमची रीच."

"असं. मला वाटलं ब्लडप्रेशर."

आमोद हसला. मग त्याने माझी स्लाइड लावली. १७१. "सर, लक्षात घ्या, हे सगळे पेशंट आपण गमावत होतो. आता एकही आई परत जात नाही."

डॉक्टरांनी करार पुढे ओढला. पेन काढलं, टोपण उघडलं आणि ते तसंच धरून माझ्याकडे पाहिलं. "आपण संख्याशास्त्राच्या ना? हा आकडा आपण काढलात?"

"हो."

"बरोबर आहे?"

बरोबर आहे म्हटलं असतं तर बहुधा त्यांनी सही केली असती. ते थकले होते. थकलेला माणूस सही करतो. आमोदने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. आणि मला त्या तक्त्यातल्या माझ्या चार ओळी दिसल्या. चारही वेळा अर्ध्या तासानंतर अक्षता पिठात बसलेली होती.

"आकडा बरोबर आहे," मी म्हटलं. "नाव चुकलंय. त्या हरवल्या नव्हत्या. त्यांची मुलं बरी झाली होती. बरं वाटलं म्हणून त्यांनी फोन केला नाही. मी तो निकाल अयशस्वी म्हणून नोंदवला."

"रुपाली," आमोद हळूच म्हणाला, "आपण हे ऑफलाइन बोलू."

"मी त्यांच्यातलीच आहे," मी म्हटलं. "मला हे ठाऊक असायला हवं होतं. कांताबाई नंबर नाकारत नव्हत्या, त्या तपासत होत्या. आपण तपासणारं माणूस काढलं आणि सगळ्यांना आत सोडलं. पूर्णिमाला सगळं ऐकू येतं. कोणाला बोलवायचं नाही, ते तिला येत नाही. मी तिला शिकवलंच नाही, कारण मला ते नको होतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पोळी खाल्ली. नीट चावून.

"कांताबाई," त्यांनी हाक मारली, "आत या. ह्या काय म्हणतायत, ऐकलंत?"

"दारातूनच ऐकलं," कांताबाई म्हणाल्या. "हे सव्वीस वर्षांपूर्वी तुम्हाला पण सांगावं लागलं होतं."

मग डॉक्टरांनी अट सांगितली. दवाखान्याची वेळ, पत्ता, गाडी कुठे लावायची, लसीची तारीख, हे सगळं पूर्णिमाने सांगावं. त्यात फोनचा अर्धा दिवस जातो, आणि ते ती फार सुंदर सांगते. मूल आजारी आहे असं कोणी म्हटलं की फोन कांताबाईंकडे. "हे जमत असेल तर मी सही करतो. नाहीतर आपण सगळेच घरी जाऊ. मला तरी जायला आवडेल."

आमोदने दोन सेकंद विचार केला. मग त्याचा चेहरा उजळला. "सर, म्हणजे हायब्रिड मॉडेल! ह्यूमन एक्स्पर्ट इन द लूप! हे तर आम्ही इतर क्लायंटनाही—"

"त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा," डॉक्टर म्हणाले. "आम्ही कांताबाई म्हणतो."

"माझी पण एक अट हाय," कांताबाई म्हणाल्या. त्यांनी ब्लाउजमधून घडी केलेला कागद काढला. औषध कंपनीच्या पॅडचा कागद, त्यावर बॉलपेनने नऊ मोबाइल नंबर. "ह्या नऊ जणींचा फोन आला तर माझ्याकडं द्यायचा न्हाई. मूल आजारी म्हणाल्या तरी न्हाई. मशीननंच बोलायचं. हवं तेवढं बोलू द्या, ते काय थकत न्हाई. ह्यांना नंबर नको असतो, ह्यांना ऐकणारं कोणतरी पाहिजे असतं. सगळं ऐकून झालं की म्हणावं, अर्ध्या तासानं करा."

"आणि खरंच गंभीर असलं तर?" मी विचारलं.

"ह्या फोन करत न्हाईत मग," कांताबाई म्हणाल्या. "सरळ येतात. त्या वक्ताला मी दारात असतेच."

डॉक्टरांनी पेन हातात घेतलं, पण सही केली नाही. "आधी हे घाला त्यात," म्हणाले. "माझ्यासमोर."

मी लॅपटॉप उघडला. आमोद नंबर वाचून दाखवू लागला, मी टाइप करू लागले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथ्या नंबराचे पहिले पाच आकडे टाइप करून माझी बोटं थांबली. पुढचे पाच त्याने वाचायची गरज नव्हती. कांताबाई खिडकीतून बाहेर पाहत होत्या, अगदी लक्ष देऊन, जणू समोरच्या उसाच्या शेतात काहीतरी घडत होतं.

"थांबलीस का?" आमोद म्हणाला. "परत वाचू?"

"नको," मी म्हटलं, आणि उरलेले पाच आकडे घातले. "पाचवा सांग."

डॉक्टरांनी सही केली.